चुळबुळणे : हे क्रियापद नेमकं कुठे वापरायचं

चुळबुळणे म्हणजे अस्वस्थपणे हालचाल करणे, एवढाच अर्थ धरून लिहायला बसलं की हा शब्द हमखास भलत्या जागी पडतो. वेदनेने रात्रभर कूस बदलणारा माणूस चुळबुळत नाही, पाण्याबाहेर काढलेला मासाही नाही. या क्रियापदाची एक अट आहे. माणसाला एका जागी बसून राहणं भाग असावं आणि मनातून त्याला तिथे बसायचं नसावं. उठून जाता आलं असतं तर तो केव्हाच गेला असता.

भाषण लांबलं की सभेत काय होतं ते आठवा. कुणी एका मांडीवरचा भार दुसरीवर घेतो, कुणी पाय जवळ ओढतो, कुणी पदर उगाचच सारखा करते, कुणाची नजर घड्याळावरून दाराकडे जाते. यातली एकही हालचाल मोठी नसते, पण सगळ्या मिळून जे होतं ती चुळबूळ. बसून राहण्याच्या अटीला अपवाद झोपलेल्या बाळाचा. जागं होण्याआधी ते मूठ उघडतं, तोंड वाकडं करतं, कुशीवर वळू पाहतं. ‘बाळ चुळबुळलं’ हे अगदी बरोबर.

लिहिताना घोटाळा होतो तो ह्रस्व-दीर्घाचा. नाम एकटं आलं की ‘चुळबूळ’, दुसरा ऊ दीर्घ. क्रियापदात आणि सामान्यरूपात तो ह्रस्व होतो : चुळबुळणे, चुळबुळत, चुळबुळीमुळे. कुजबूज आणि कुजबुजणे यांचं गणित हेच. ‘चुळबुळ’ असं नाम सर्रास छापलेलं दिसतं, तरी नियमाने ते दीर्घच.

क्रियापद अकर्मक आहे, म्हणून ‘तो चुळबुळला’, ‘ती चुळबुळली’. ‘त्याने चुळबुळलं’ नाही. नाम स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्याने चुळबूळ केली’. बोलण्यात क्रियापदापेक्षा नामच जास्त येतं : ‘किती चुळबूळ करतोस, नीट बस बघू.’

आता शेजारचे शब्द. खरी गल्लत इथेच होते. वळवळणे हे किड्याचं, अळीचं, पालीच्या तुटलेल्या शेपटीचं. शरीर वाकतं, पिळतं, पुन्हा सुटतं. माणसाला ‘फार वळवळ करू नकोस’ म्हटलं की त्यात तुच्छता आणि धमकी दोन्ही येतात, तेव्हा वडीलधाऱ्यांबद्दल तो शब्द चुकूनही नको. जीभ मात्र कुणाचीही वळवळते : बोलायचं नसतं, पण राहवत नाही.

तळमळणे यात दुःख किंवा वेदना आहे. अंथरुणात तळमळत रात्र काढणारा कंटाळलेला नसतो, त्याला काहीतरी सलत असतं. म्हणूनच तळमळ हा चांगल्या अर्थाचाही शब्द झाला; एखाद्या कामाची तळमळ असते, चुळबूळ कधीच नसते. तडफडणे यापुढचं, जिवावर बेतलेलं. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्याला तडफडायला लावलं तर खऱ्या प्रसंगासाठी शब्द उरत नाही.

लाक्षणिक वापरातही तीच जुनी अट चालते. ‘पक्षात चुळबूळ सुरू झाली’ म्हणजे लोक नाराज आहेत, पण अजून आतच आहेत आणि उघड बोलत नाहीत. तक्रार तोंडातून निघाली की ती कुरकूर, बाहेर पडायची भाषा सुरू झाली की बंड. बातमी लिहिताना हा क्रम सांभाळावा. पहिल्याच दिवशी चुळबुळीला बंड म्हणणं म्हणजे वाचकाला चुकीची बातमी देणं.

‘तो अस्वस्थपणे चुळबुळला’ हे वाक्य सुधारायला सोपं आहे. अस्वस्थपणा क्रियापदातच आहे, तेव्हा क्रियाविशेषण काढून टाका. त्या जागी कारण घातलंत तर वाक्य भरतं : ‘आपलं नाव निघताच तो चुळबुळला.’ आणि नाव निघाल्यावर तो उलट अजिबात हललाच नसेल, खांदे आखडून खुर्चीच्या कडेवर टेकला असेल, तर चुळबुळणे नकोच. तिथे ‘अवघडून बसला’ म्हणा.