किंग सेइको घ्यायचंय? आधी मनगट मोजा

दिवाळीत साताऱ्याहून मामेभावाचा फोन आला. "ताई, किंग सेइको घ्यायचं ठरवलंय. तू तिथंच आहेस, दुकानात जाऊन बघ आणि सांग कुठलं घेऊ." मी तोक्योत निशी-कासाईला राहते. आपली मंडळी इथं भरपूर आहेत आणि सुट्टीला गावी निघालेल्या प्रत्येकाकडे कुणीतरी जपानी घड्याळ मागितलेलं असतं. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आपण कशाबद्दल बोलतोय ते आधी बघू. सेइकोची मनगटी घड्याळं साठच्या दशकात दोन वेगळ्या कारखान्यांत व्हायची. नागानो भागात सुवा आणि तोक्योत कामेइदोचं दाइनी. दोघांत सख्ख्या भावांची असते तशी चुरस होती. सुवानं १९६० साली ग्रँड सेइको काढलं आणि दाइनीनं १९६१ साली किंग सेइको. (त्याच १९६१ साली बंगळुरात सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. बाबांच्या जनताला रोज सकाळी चावी देताना येणारा तो कुर्रकुर्र आवाज ऐकूनच मी या नादाला लागले.) १९६५ साली केएसके आलं. चावी ओढली की सेकंद काटा थांबतो ते हे घड्याळ. रुंद, धारदार कान (पट्टा जिथं अडकतो ती टोकं) आणि सपाट चकचकीत कडा ही त्याची ओळख. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली आणि सत्तरच्या दशकात किंग सेइको बंद पडलं.

कामेइदो माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. कारखान्याच्या जागेवर आता मॉल आहे, नाव 'कामेइदो क्लॉक'. वसंतात तेनजिन देवळात जांभळ्या फुलांचे घोस बघायला गेले की मी त्या बाजूनं एक चक्कर मारून येते.

२०२१ च्या सुरुवातीला केएसकेची नवी आवृत्ती आली, फक्त ३,००० नग. २०२२ पासून त्याच घाटाची वेगळी घड्याळं नेहमीच्या विक्रीत आली. एसपीबी२७९ आणि त्याची भावंडं ती हीच. ३७ मिलिमीटरची केस, तारखेची खिडकी नाही, आत ६आर३१ नावाचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं मशीन. आली तेव्हा अमेरिकेत किंमत १,७०० डॉलर होती. शौकिनांचे वाद इथूनच सुरू होतात.

मनगटापासून सुरुवात करा

फोटो बघून घड्याळ ठरवू नका. पुठ्ठ्यावर ३७ मिलिमीटर व्यासाचा गोल काढा. त्याच्या मधोमध वर-खाली मिळून ४३.६ मिलिमीटर लांबीची पट्टी येऊ द्या आणि कापून घ्या. एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंतचं हे अंतर असतं. पुठ्ठा मनगटावर ठेवा. पट्टीची टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली नाहीत तर माप बसलं. माझं मनगट साडेपंधरा सेंटिमीटरचं आहे. मला हे घड्याळ अगदी बेतून शिवल्यासारखं बसतं, आणि बायकांसाठी वेगळं घड्याळ शोधण्याची गरज उरत नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

मग जाडी. ती १२.१ मिलिमीटर आहे. मी दहा येनची आठ नाणी एकावर एक ठेवली. एक नाणं दीड मिलिमीटरचं, म्हणजे बारा मिलिमीटर झाले. ती चळत मनगटाशेजारी टेबलावर ठेवून शर्टाची बाही तिच्यावरून सरकवून पाहिली. बंद बटणाची कफ अडकली. तुम्ही घरी पुठ्ठ्याचे थर चिकटवून हेच करून बघा. समारंभात घालायचं घड्याळ बाहीखाली अलगद जायला हवं, आणि इथं या घड्याळाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार मला पटते. जाडीतला बराचसा भाग वर उचललेल्या काचेचा आहे. जुन्या घड्याळांच्या फुगीर काचेची आठवण म्हणून नीलम काच तशी घडवलीय. दिसते सुंदर, पण कफला ते कळत नाही. रोज पूर्ण बाहीचा शर्ट इस्त्री करून घालणाऱ्यानं ही कसोटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानात काय बघायचं

शोकेसच्या दिव्याखाली प्रत्येक घड्याळ झळकतं. विक्रेत्याला विनंती करून ते खिडकीशी न्या, आणि मग दिव्यापासून दूर, सावलीत न्या. मी चंदेरी डायलचं असं नेलं तेव्हा बाराच्या खुणेनं मला धरून ठेवलं. ती दुहेरी आहे आणि तिच्या माथ्यावर बारीक जाळीसारखे काप आहेत. सावलीतही तो एक ठिपका लुकलुकत राहतो, म्हणजे बारा कुठे आहेत ते डोळ्याला आपोआप कळतं. मग घड्याळ हळूच तिरकं केलं. कानांच्या वरच्या रुंद सपाट भागावर खिडकीची चौकट उतरली, सरळ, जराही न वाकता. बाजूचा पैलू तेवढ्यात काळा पडला. दोन्हींच्या मधली रेघ सुरीच्या पात्यासारखी. पैसे या कामाचे आहेत. हे पाहून मनात काहीच हललं नाही तर हे घड्याळ घेऊ नका. त्याच पैशांत पातळ आणि अचूक पुष्कळ काही मिळेल.

मशीनकडून अपेक्षा किती ठेवायची

६आर३१ ला तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ७० तास. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू सापडतं. पण कंपनीनं दिलेली अचूकतेची मर्यादा दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे अशी आहे. या किमतीला हे सैल आहे असं अनेक जण म्हणतात, मीही म्हणते. प्रत्यक्षात बहुतेक नग याहून बरे चालतात, पण वाद घालण्यापेक्षा आपल्या नगाची चाल आपणच तपासावी.

पहिल्या दिवशी चावीला पंचवीस-तीस पीळ द्या. चावी ओढून सेकंद काटा बाराला थांबवा आणि मोबाइलच्या वेळेबरोबर सोडा. सात दिवस ठरल्या वेळी फरक वहीत मांडा, आणि रात्री ते कसं ठेवलं होतं तेही लिहा: डायल वर, चावी वर की चावी खाली. कारण रात्रीच्या ठेवणीनं चाल बदलते. माझं दिवसा पुढे जातं, पण चावी वर करून ठेवलं की रात्रीत थोडं मागे येतं. आठवडा संपता संपता फरक बराच भरून निघतो. एकाएकी मिनिटभर पुढे पळायला लागलं तर ते चुंबकानं धरलंय असं समजा. स्पीकर आणि पर्सचं चुंबकी बटण हे नेहमीचे चोर. होकायंत्राची सुई जवळ नेऊन बघा. घड्याळजी चुंबक काही सेकंदांत उतरवून देतो.

जाडी आणि चाल दोन्ही खटकत असतील तर एक पायरी वर केएस१९६९ आहे. जाडी ९.९ मिलिमीटर, मशीन ६एल३५, मर्यादा १५ पुढे ते १० मागे. व्यास मात्र ३९.४ आणि किंमतही बरीच वरची. भावाचं मनगट रुंद आहे, बँकेत रोज कफ लावून जातो, म्हणून त्याला मी थोडं थांबून हेच घे म्हणाले. तारीख हवी असेल तर तिसरी वाट ६आर५५ मशीनच्या घड्याळांची. मला तारखेची खिडकी या डायलवर डाग वाटते.

जुनं अस्सल घ्यायचं असेल तर

या पैशांत साठ-सत्तरच्या दशकातलं खरं किंग सेइको येतं आणि पैसे उरतातही. तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे या दुकानांच्या इमारतीच्या मजल्यांवर मी कित्येक रविवार त्यांच्यासाठी फिरलेय. पण पहिल्या खेपेला चुकले. एका दुकानात चकाचक दिसलं म्हणून ५६ मालिकेतलं ऑटोमॅटिक घेतलं. घरी भिंगातून पाहिलं तर कानांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. कुणीतरी पॉलिशच्या चाकावर धरून त्याचा घाट घालवला होता. महिन्याभरात तारीख पटकन बदलायची सोयही गेली. या मालिकेचा हा ठाऊक असलेला दोष आहे आणि सुटा भाग मिळणं कठीण.

म्हणून कडा आधी बघा. ओरखडे असले तरी चालतील, कडा हवी. मग मागचं झाकण बघा. ढालीचं चिन्ह असलेलं पदक जागेवर आणि वाचता येण्याजोगं हवं. नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना; तो डायलच्या आणि मशीनच्या काळाशी जुळतो का ते विचारा. डायलवरची अक्षरं भिंगातून जाड किंवा पसरट दिसली तर ती पुन्हा छापलेली असण्याची शक्यता मोठी. चावी देऊन पीळ एकसारखा लागतो का ते बोटांना कळू द्या. चावी द्यायच्या ४४ मालिकेपासून सुरुवात करा. तारीख नाही, म्हणजे मोडायला एक गोष्ट कमी. आणि सर्व्हिसिंगचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करा. जुन्या घड्याळाला पाणी लागू देऊ नका, झाकणावर काहीही लिहिलेलं असो.

शेवटचं पट्ट्याचं. नव्या ३७ मिलिमीटरच्या घड्याळाला कानांमधलं अंतर १९ मिलिमीटर आहे. बाजारात १८ आणि २० चे ढीग असतात. १८ चा बसवला तर फट दिसते, २० चा कोंबला तर चामडं दुमडतं. मी चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून गडद तपकिरी वासराच्या चामड्याचा करून घेतला, बकलाकडे १६ पर्यंत निमुळता. भावाला म्हटलंय, तुझं जे काही ठरेल त्याचं माप आधी कळव. पट्टा मी इथूनच करून आणते.