लहान मुलाला टाइप १ डायबिटीस आहे: घरच्यांनी शुगर कशी सांभाळावी

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना रात्रीतून चार-चार वेळा पाणी मागायला लागली. नागपूरचा मे महिना, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. ती शू करायची तिथे मुंग्या लागतात हे सासूबाईंच्या लक्षात आलं, आणि "हिची साखर बघून घ्या" असं त्याच म्हणाल्या. दवाखान्यातल्या ग्लुकोमीटरवर आकडा उमटलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. त्या रात्रीपासून आम्ही जे शिकलो, ते नुकतंच निदान झालेल्या घरांसाठी लिहिते आहे. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तो डोस रोज पाळायचा कसा, हे घरातच शिकावं लागतं.

आधी दोन माणसं तयार करा

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने चॉकलेट खाल्लं म्हणून हे होत नाही, गरोदरपणात आईचं काही चुकलं म्हणूनही होत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.

मग किमान दोन मोठ्या माणसांनी सगळं शिकून घ्यावं: तपासणं, टोचणं, शुगर लो म्हणजे कमी झाल्यावर काय करायचं, सगळं. आमच्याकडे पहिले तीन महिने सगळं माझ्यावरच होतं. मला १०३ ताप आला त्या दिवशी घरात कुणालाच इन्सुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन) लावता येईना, आणि मी थरथरत्या हातांनी तिला इन्सुलिन दिलं. त्यानंतर नवरा शिकला, सासूबाईही शिकल्या. 'आई बघेल' यावर ही व्यवस्था उभी राहत नाही.

सिरिंज कोणती, बाटली कोणती

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. काही बाटल्यांत १ मिलीलिटरमध्ये ४० युनिट (इन्सुलिन मोजायचं माप) असतात, तर काही बाटल्यांत आणि पेनच्या काडतुसांत १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर मुलाला अडीचपट डोस जाईल, आणि लहान जिवाला ते झेपणार नाही. म्हणून औषधाच्या दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते पाहा. दुकानदार ओळखीचा असला तरी पाहा.

अगदी लहान मुलाला अर्धा युनिटही महत्त्वाचा असतो. अर्ध्या युनिटने फिरणारी पेन मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ४ मिलीमीटरची सुई लहान मुलांना पुरते. मांडी, पोट, कुल्ला, दंड अशी जागा बदलत राहा. मूल 'इथेच दे, इथे दुखत नाही' म्हणतं तेव्हा तिथे हात फिरवून पाहा, गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडून द्या. गाठीत दिलेलं इन्सुलिन कधी उशिरा लागू होतं, कधी एकदम, आणि आकडे का हलताहेत ते कळत नाही. टोचल्यावर दहा मोजून मगच सुई काढा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरातलं पेन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालतं. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आपली खोली 'खोलीच्या तापमानाला' नसते. वीज गेली किंवा फ्रिज नसेल तर इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून, मोठ्या माठात ओली वाळू भरून तिच्यात बसवलेल्या छोट्या मडक्यात ठेवा. गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका.

बोट टोचण्याआधी साबण

हात पाण्याने आणि साबणाने धुवून, पुसून घ्या. आंबा खाल्लेल्या बोटावर आकडा खोटा येतो, आणि खोट्या आकड्यावर दिलेलं इन्सुलिन धोक्याचं. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. जेवणाआधी, झोपताना, आणि सुरुवातीला डॉक्टर सांगतील तोवर रात्री दोन-तीनच्या सुमाराला तपासा. दंडावर लावायचा, शुगर सतत दाखवणारा सेन्सर परवडत असेल तर रात्री खूप सोप्या होतात. तरीही मूल मलूल दिसत असेल आणि सेन्सर 'ठीक' म्हणत असेल, तर बोट टोचून खात्री करा.

बहुतेक मुलांसाठी शुगरचा ७० ते १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मीटरवर दिसतो तो आकडा) हा पट्टा धरतात. दिवसाचा प्रत्येक आकडा त्यात बसणार नाही. तीन-चार दिवसांच्या आकड्यांची वही समोर ठेवली की रोज संध्याकाळीच वाढतं की फक्त परवा वाढलं, ते दिसतं. आणि जास्त आकडा बघून घाबरून तासाभरात पुन्हा इन्सुलिन देऊ नका. आधीचा डोस अजून काम करत असतो, आणि दोन्ही मिळून शुगर एकदम खाली आणतात.

ताटाचा हिशेब

मुलाला वेगळं, बेचव जेवण लागत नाही. घरातलंच जेवण, पण मोजून. सुरुवातीला स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कोरडी कणीक ३० ग्रॅम असेल तर पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, ज्यांची शरीरात साखर होते) येतात. ३० ग्रॅम कोरड्या पोह्यांत २३ च्या आसपास, तेवढ्याच साबुदाण्यात त्याहून थोडे जास्त. २०० मिलीलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम. महिनाभर मोजलं की डोळ्यालाच अंदाज येतो. मला आता पोळी हातात घेतली की कळतं.

समजा डॉक्टरांनी ३० ग्रॅम कार्बला १ युनिट सांगितलंय आणि ताटात ४५ ग्रॅम आहेत, तर दीड युनिट. खरी अडचण पुढे येते. इन्सुलिन दिलं, आणि मुलाने दोन घास खाऊन ताट सरकवलं. तीन वर्षांचं मूल हे हमखास करतं. अशा खाण्यात लहरी मुलांसाठी, जेवण झाल्यावर खाल्लं तेवढ्याचंच इन्सुलिन देता येईल का, किंवा अर्धं आधी अर्धं नंतर चालेल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. घशात कोंबून जेवायला लावणं हा उपाय नाही. त्यातून ताटाचीच भीती बसते.

गूळ, मध, खडीसाखर ही सगळी साखरच आहे, 'नैसर्गिक' असली तरी. पण गणपतीत उकडीचा मोदक मुलाला देऊच नये असं नाही. जेवणासोबत एक द्या आणि त्याचे कार्ब मोजा. सगळी भावंडं मोदक खात असताना एकाला काकडी दिली, तर ते मूल पुढे लपून खायला शिकतं, आणि लपून खाल्लेल्याचा हिशेब कुणालाच ठेवता येत नाही.

शुगर लो झाली तर

बाकी बऱ्याच गोष्टी दहा मिनिटं थांबतात. ही थांबत नाही.

७० च्या खाली म्हणजे लो. मोठं मूल 'चक्कर येतेय' म्हणतं, लहानगं सांगू शकत नाही. ते चिडतं, रडतं, खेळता खेळता गप्प बसतं, घामाने ओलं होतं. माझी लेक उगाच भावाला मारायची. हट्ट समजून रागावण्याआधी बोट टोचा. मीटर हाताशी नसेल तर लो धरूनच चला.

शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून पाजा. वजनाच्या दर किलोला साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला सुमारे ५ ग्रॅम, एक सपाट चमचा. लाडू, चॉकलेट, बिस्किट नको. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. घाबरून वाटीभर साखर भरवली तर पुढचे चार तास ३०० दिसेल.

बेशुद्ध असेल किंवा झटका येत असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, ग्लुकॅगॉनचं (शुगर झटपट वाढवणारं) इंजेक्शन घरात असेल तर द्या (२५ किलोखाली साधारण अर्धा मिलिग्रॅम) आणि १०८ ला फोन करा. ग्लुकॅगॉन प्रत्येक दुकानात मिळत नाही. निदान झाल्याच्या महिन्यातच डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मागवून ठेवा.

दिवसभर धावपळ, पोहणं, लग्नघरातला नाच झाला असेल तर त्या रात्री मध्येच उठून तपासा. खेळाचा परिणाम कितीतरी तासांनी, झोपेत दिसतो.

ताप आणि उलट्या

खात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. आजारात शरीराला इन्सुलिन बऱ्याचदा जास्तच लागतं. डोस कमी-जास्त करायचा तो फोनवर डॉक्टरांना विचारून. दर दोन-तीन तासांनी शुगर, आणि २५० च्या वर राहिली तर पट्टीवर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) तपासा. पोटदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास यातलं काही दिसलं की घरी थांबू नका, रुग्णालय गाठा.

'इन्सुलिन सुटलं' असं वाटलं तर

निदानानंतर काही आठवड्यांनी अनेक मुलांची इन्सुलिनची गरज अचानक कमी होते. उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ काम करतात. नेमका तेव्हाच कुणीतरी काढा किंवा कारल्याचा रस सुचवतं, आणि गुण त्याच्या नावावर जमा होतो. आमच्या नात्यातल्या एकांनी फार मायेने एक पूड आणून दिली होती. मी ती घेतली, कपाटात ठेवली आणि इन्सुलिन चालू ठेवलं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं. त्याआधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याला मी एवढंच सांगते.

शाळेत

एका पानावर तीन गोष्टी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या: लो कशी दिसते, काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. ग्लुकोजची डबी वर्गात बाईंकडे हवी, कुलूपबंद ऑफिसात नको. एका शाळेने आम्हाला 'जबाबदारी घेता येणार नाही' असं सांगितलं होतं. आम्ही भांडलो नाही, बाईंना मधल्या सुट्टीत भेटून मीटर दाखवलं, माझ्या बोटावर टोचून दाखवलं, आणि मग जमलं. मात्र ऐकलंच नाही तर हेही सांगा, की राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये अशा मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी आणि इन्सुलिन घेऊ द्यावं असं राज्यांना कळवलं आहे.

मुलाशी बोलताना

"दुखणार नाही" म्हणू नका, कारण दुखतं. "थोडं टोचेल, मग झालं" म्हणा. "हट्ट केलास तर इंजेक्शन देईन" ही धमकी घरातून कायमची काढून टाका, पाहुण्यांनाही सांगा. आकड्याला चांगला-वाईट म्हणू नका, जास्त किंवा कमी म्हणा. नाहीतर २८० आलं की मूल अपराध्यासारखं तोंड पाडतं, आणि मोठं झाल्यावर वहीत खोटे आकडे लिहितं.

टोचायचं की नाही हे मुलाने ठरवायचं नाही. कोणतं बोट, कोणती मांडी, हे मात्र ठरवू द्या. माझी लेक आता सात वर्षांची आहे. पेनचा आकडा ती फिरवते, मी वाचून बघते, आणि सुई आत असताना आम्ही दोघी मिळून दहापर्यंत मोजतो.