वर्कशॉपमधला उजेड : या चुका टाळा

कुणी नवं वर्कशॉप बघायला बोलावलं की मी मशिनांच्या आधी छताकडे बघतो. बहुतेक ठिकाणी तेच चित्र असतं. खोलीच्या मधोमध एक ट्यूब आणि बेंच भिंतीला टेकवलेलं. माणूस कामाला उभा राहिला की दिवा पाठीमागे जातो आणि स्वतःच्याच डोक्याची सावली बरोबर व्हाईसवर, म्हणजे काम आवळून धरणाऱ्या शिकंज्यावर पडते. मग ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून त्याच होल्डरमध्ये दुप्पट वॉटचा दिवा लागतो. सावली जागची हलत नाहीच, उलट आणखी काळी दिसायला लागते.

मी हसत नाही, कारण हा धडा मी एक फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची भोकांची चकती) बिघडवून शिकलोय. आठ भोकांचं मार्किंग होतं, दिवा उजव्या खांद्यामागे. स्टीलच्या पट्टीच्या कडेशी पडलेली बारीक सावली मला रेघ वाटली आणि तिच्यावर पंच बसवला. चूक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पण आठातले तीन बोल्ट जाईनात, आणि अख्खी दुपार गोल कानशीने भोकं लांबट करण्यात गेली. शेजारी उभा असलेला माणूस ‘घाई कशाला केलीस’ म्हणत होता. घाई केलीच नव्हती. दिसतच नव्हतं.

दिवा तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये हवा, कामाच्या वर, उजव्या हाताने काम करत असाल तर जरासा डावीकडे. मी एका मोठ्या दिव्याऐवजी दोन बाजूंना दोन छोटे लावतो, एकाची सावली दुसरा पुसतो. आणि वॉट वाढवायच्या आधी दिवा खाली आणा : छोटा दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आला की कामावर चौपट उजेड पडतो. आकडेच हवे असतील तर युरोपीय मानकात साध्या मशिनिंगला 300 लक्स (कामावर पडणारा उजेड मोजायचं एकक), 0.1 मिलिमीटरच्या आतल्या कामाला 500 आणि मार्किंग-तपासणीला 750 धरतात. साठीच्या माणसाने त्याहून जास्तच धरावं. त्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. ‘मला दिसतंय की’ म्हणणारा शिकाऊ आणि चष्मा शोधणारा मिस्त्री, दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

आता माझी दुसरी खुन्नस : लेथवर चोकवाली ट्यूब. 50 हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, पण फिरणाऱ्या चकला, म्हणजे लेथवर काम जबड्यांत धरून फिरवणाऱ्या भागाला, कळतं. तीन जबड्यांचा चक मिनिटाला 2000 फेऱ्यांवर असेल तर दर लुकलुकीला तो बरोबर 120 अंश फिरतो, म्हणजे एका जबड्याच्या जागी पुढचा येऊन उभा. चक थांबल्यासारखा दिसतो. 1000 फेऱ्यांवर थांबलेलेच, पण सहा जबडे दिसतात. सगळ्यात वाईट त्यांच्या जरा खाली. 1980 ला चक तीन सेकंदांत एक फेरी या गतीने उलटा सरकताना दिसतो, अगदी बंद करून थांबत आलेल्या मशीनसारखा.

माझ्याकडे हे घडलं तेव्हा शेजारी कंप्रेसर चालू होता, त्यामुळे लेथचा आवाज वेगळा कळत नव्हता. एक मुलगा हातात चकची किल्ली घेऊन जबड्यांकडे निघाला. चित्र जरा धूसर होतं, पण थांबल्याची खात्री पटावी इतकं स्पष्ट. मी ओरडलो, तो दचकून मागे सरला. तेवढ्यावर निभावलं. त्या संध्याकाळी ट्यूब काढली आणि लेथला 24 व्होल्ट डीसीवर चालणारा दिवा बसवला. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, जे फिरतं त्याच्यावर तसाच एक. तीन ट्यूब तीन वेगळ्या फेजवर विभागण्याची जुनी पद्धतही चालते, पण एखादी बंद पडली की विभागणी गेली आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘आमच्याकडे एलईडी आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. तिला वीज पुरवणारा आतला ड्रायव्हर स्वस्तातला असेल तर तीही तशीच लुकलुकते. दिव्याखाली चकचकीत स्टीलची पट्टी पंख्यासारखी भराभर हलवा. सलग पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पट्ट्या दिसल्या तर तो दिवा जिन्यात लावा.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. उघडा, झगझगीत दिवा थेट वर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवर पडला की खुणांऐवजी चमकच वाचावी लागते. दुधी कव्हर घाला. लाकडाला रंग किंवा पॉलिश जुळवायचं असेल तर 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) असलेला दिवा घ्या, नाहीतर तपकिरी आणि लालसर यात दिवस जाईल. हॅलोजन लाकडाच्या भुशाजवळ नको, तो फार तापतो. वाकत्या मानेचा दिवा फिरत्या चकच्या टप्प्यात लावू नका. लोहचुंबकी बुडाच्या दिव्याला मशीनच्या कंपाने घसरायची सवय असते. आणि काचा पुसा हो. धुळीने झाकलेला दिवा बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत, ओल्या फडक्याने काम झालं असतं (आधी स्विच बंद, गार होऊ द्या).

सँडिंगचे ओरखडे शोधायचे असतील तर नियम उलटा. वरचे दिवे मालवून एकच दिवा पृष्ठभागालगत आडवा धरा. पॉलिशपेपरने कुठे गोल फिरवलंय ते लगेच उघडं पडतं. हे काम पॉलिश चढवायच्या आधी करायचं असतं, हे दर वेळी सांगावं लागतं.

आणि लाइट व मशीन एकाच एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) ठेवू नका. गोल करवत अडकली, एमसीबी पडली, की अंधार होतो आणि पातं अजून फिरतच असतं. बोटं नेमकी कुठे आहेत ते तेव्हा आठवावं लागतं. वायरिंग करणारा ‘एकाच लाइनीत भागतंय’ म्हणेल. त्याला वेगळी लाइन ओढायला लावा, आणि दाराशी चार्जिंगचा एक इमर्जन्सी दिवाही टांगून ठेवा.