मराठी पत्रिका, बॅनर डिझाइन करताय? या चुका टाळा

लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात आलं की मी आधी रंग बघत नाही, 'शुभमुहूर्तावर' हा शब्द शोधतो. त्याला तीन उकार लोंबतात. खालच्या ओळीत बरेचदा 'शुभाशीर्वाद' असतो, त्यातल्या शीची वेलांटी आणि र्वाचा रफार वर डोकावतात. ओळी जवळ असतील तर हूचा उकार थेट त्या रफारात घुसतो. मराठी मजकुराची सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच.

कारण साधं आहे. अडोबीचं इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन हे डिझाइनचं सॉफ्टवेअर दोन ओळींमधलं अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरतं, म्हणजे २० पॉइंटच्या अक्षराला २४. इंग्रजीला एवढं पुरतं. आपलं अक्षर तीन मजली असतं: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. २० पॉइंटला २८ ते ३० द्या आणि फरक बघा. मजकूर मावत नसेल तर दोन वाक्यं कमी करा, अक्षर पॉइंटभर लहान करा, पण ओळी चेपू नका.

दुसरी चूक अक्षरं फाकवण्याची. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की ते रुबाबदार दिसतं, म्हणून 'निमंत्रण'लाही तेच केलं जातं. शिरोरेषा तुटते, एका शब्दाचे चार तुकडे होतात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं हे अंतर, शून्यावर ठेवा. उठाव हवा असेल तर आकार किंवा जाडी वाढवा.

आणि जाडी म्हणजे फाँटची खरी जाडी. 'मुक्त'सारख्या मोफत फाँटमध्ये बारीकपासून खूप ठळकपर्यंत सात जाड्या मिळतात. तरी अनेक जण साध्या अक्षराभोवती जाड आउटलाइन देऊन ते ठळक करतात. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला एक मोठा फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीचा आहे. आउटलाइनने ती फट बुजली की 'भरत'चं 'मरत' होतं. ज्या घरात लग्न आहे, त्या घरातल्या माणसाच्या नावाचं हे होऊ देऊ नका.

वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर दिसू लागलं, तर दोष फाँटचा असेलच असं नाही. बरेचदा अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिपींची अक्षरं नीट जुळवणारी सोय, निवडलेला नसतो. इनडिझाइनमध्ये तो पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत सापडतो, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात बघा. भाषाही मराठी निवडा. काही फाँट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श देतात. टिरो देवनागरीचे तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँटच आहेत.

'सग्यासोयऱ्यांना' हा शब्द 'सोयर्यांना' असा छापलेला दिसला की फार वाईट वाटतं. इथे रफार नको, ऱ्या हवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, त्यासाठी साधा र नाही, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त आणि य जोडायचा.

छापखान्यात उघडल्यावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ झाला असेल, तर फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहे आणि तो फाँट तिथल्या संगणकावर नाही. पाठवण्याआधी कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करा. मात्र शुद्धलेखन त्याआधी तपासा, नंतर मजकूर टाइप करून दुरुस्त करता येत नाही. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

रंगात सर्वांत जास्त निराशा सोनेरीने होते. पडद्यावर पिवळ्या-तपकिरी छटांनी चमकणारं सोनं साध्या चार रंगांच्या छपाईत मातकट उतरतं. खरी झळाळी हवी असेल तर फॉइल किंवा धातूची शाई लागते, आणि तो खर्च यजमानांना आधीच सांगायला हवा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिसळून केलेला काळा छपाईत केसभर सरकला तरी बारीक मात्रांभोवती रंगीत कडा उमटते. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं किंवा पांढऱ्यावर पिवळी ठरवली असतील, तर डिझाइन एकदा कृष्णधवल करून बघा. करड्यात करडं मिसळून गेलं तर रंग बदला.

मांडणीबद्दल थोडक्यात. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जाणारी पार्श्वभूमी, सोडा आणि मजकूर कापायच्या रेघेपासून चांगला आत घ्या. सगळंच मोठं आणि ठळक केलं की काहीच मोठं राहत नाही. पत्रिकेत नावं, तारीख-वेळ आणि ठिकाण एवढंच चटकन दिसायला हवं. निमंत्रकांची लांबलचक यादी लहान अक्षरांत खाली जाऊ द्या. त्यावरून कुणी रुसलं तर प्रेमाने समजवा, तारखेचा आकार मात्र कमी करू नका.

फाइल पाठवण्याआधी घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात एक प्रत काढा आणि घरातल्या आजोबांना किंवा आजींना तारीख, वेळ आणि पत्ता मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे कागद डोळ्यांजवळ नेतील, तिथलं अक्षर वाढवा.