एसएफ-६ ब्रेकरचा वायुदाब उन्हाळ्यात कसा वाचावा

उपकेंद्रातील २२० केव्ही ब्रेकरच्या (बिघाडात विजेचा प्रवाह तोडणाऱ्या, एसएफ-६ वायूने भरलेल्या उपकरणाच्या) गेजवर ६ बार दिसले की नोंदवहीत ‘नॉर्मल’ लिहून पुढे जाणे सोपे असते, पण मराठवाड्याच्या मे महिन्यात तोच आकडा फसवतो. विद्युतरोधन अवलंबून असते ते वायूच्या घनतेवर. रेणू दाटीने असले की दोन टकरींमध्ये इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला वाव उरत नाही, शिवाय सल्फर हेक्झाफ्लोराइडचे, म्हणजे एसएफ-६ चे, रेणू मोकळे इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. त्यामुळे समान दाबाला हा वायू हवेच्या अडीच ते तीन पट व्होल्टेज सोसतो. बंद टाकी तापली की दाब वाढतो, रेणू मात्र तेवढेच राहतात.

म्हणून गेज तापमान-भरपाईचे (तापमानाचा परिणाम स्वतःच वगळून आकडा दाखवणारे) नसेल, तर आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवावा, त्याला २९३ ने गुणावे, वायूच्या सेल्सिअस तापमानात २७३ मिळवून त्या संख्येने भागावे आणि शेवटी १ बार वजा करावा. ४५ अंशांना ६ बार दिसत असतील तर २० अंशांवरचा दाब सुमारे ५.४५ बार निघतो. ब्रेकरच्या पाटीवर २० अंशांसाठी ६ बार आणि अलार्म ५.५ ला असेल, तर वायू बहुधा गळतो आहे. अलार्म आला नसेल तर घनता-स्विचही (घनता घटली की अलार्म देणारा स्विच) तपासावा. उलट परभणीत डिसेंबरच्या पहाटे ८ अंशांना ५.७ बार दिसले तर टाकी भरलेलीच आहे, उगाच सिलिंडर जोडू नये.

वाचन शक्यतो ऊन चढण्यापूर्वी घ्यावे, कारण दुपारी टाकी हवेपेक्षा किती तापली आहे हे सांगता येत नाही. लॉकआउट (वायू फार कमी झाल्याने ब्रेकरची हालचाल रोखणारा संकेत) आला असेल तर ब्रेकर चालवू नये.

गळती साबणाच्या फेसाने किंवा डिटेक्टरने शोधून बंद करावी, मगच वायू भरावा. भरण्यापूर्वी नळीतील हवा व ओलावा काढावा, हळू भरावे आणि तापमान स्थिरावल्यावरच गेज पाहावे. सिलिंडरमध्ये किती वायू उरला हे दाबावरून कळत नाही, वजनच करावे लागते, ४५.५ अंशांच्या वर तर आतला द्रव द्रवरूपात राहतच नाही, आणि उन्हात ठेवलेला सिलिंडर आपल्याकडे ते तापमान सहज गाठतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे पाचपट जड असल्याने केबलच्या चरात साचून गुदमरवतो, तेव्हा गळती झालेल्या जागी ऑक्सिजन मोजल्याशिवाय चरात उतरू नये.