पाऊस मोजा, मग ओलही मोजा

आमच्या घरी पाऊस मोजायची पद्धत सासऱ्यांची. खुरपं घेऊन वावरात जायचे, माती उकरायचे आणि सांगायचे, "वीतभर ओल आहे." ते माप आजही खरं आहे. मी त्याला फक्त एक नरसाळं जोडलं.

१६ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं पाच लिटरच्या कॅनमध्ये घट्ट बसवा. त्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून कॅनमधलं दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. कॅन विटांमध्ये रोवा, नरसाळ्याची कड सपाट ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट लांब जागा हवी. मी पहिल्यांदा तो अंगणातल्या शेवग्याखाली ठेवला आणि अख्ख्या मृगाच्या नोंदी खोडाव्या लागल्या.

रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं मोजतं त्याच वेळी, पाणी मोजून ओतून द्या. पाऊस नसेल तर शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. शून्यांवरूनच खंड किती लांबला ते कळतं. सोयाबीन फुलोऱ्यात असताना बसलेली ओढ वर्षाच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

आता खुरपं घ्या. माझ्या वहीत ४० मिलिमीटरच्या दोन नोंदी आहेत. एक रात्रभराच्या भिजपावसाची, तिच्यापुढे "ओल वीतभर" असं लिहिलंय. दुसरी तासाभरात कोसळलेल्या सरीची, तिच्यापुढे "चार बोटं, ओढा लाल". एकरावर ४० मिलिमीटर म्हणजे १ लाख ६० हजार लिटर पाणी. सरीच्या दिवशी त्यातलं बरंचसं माती घेऊन निघून गेलं. म्हणून पाऊस किती वेळ पडला, ओल किती खोल गेली आणि ओढ्याचा रंग कसा होता, हे तीन रकाने नक्की आखा.

अशा सरी का वाढल्या? हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि अरबी समुद्रही तापलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. माझी एक सर हा त्याचा पुरावा नव्हे. हवामान बदललं म्हणायला निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. पण चार बोटं ओलीला एकटं आभाळ जबाबदार नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या वावरामधला बांध नांगरून नाहीसा झाला होता, आणि ते आम्हीच केलं होतं.

शेजारचे भाऊजी म्हणाले, "बांध घातला तर माझी पिकाची दोन तासं जातात की वहिनी." मी वही उघडून त्या दोन नोंदी दाखवल्या. उन्हाळ्यात दोघांनी मिळून बांध घातला, त्यावर गवत लावलं. पुढच्या पावसाळ्यात ३८ मिलिमीटरची तशीच एक सर आली. दुसऱ्या दिवशी दोघंही खुरपं घेऊन गेलो. बांधाच्या वरच्या अंगाला ओल सात बोटं होती, खालच्या अंगाला पाच. ओढा अजून गढूळच होता, म्हणून आता त्याच्या काठाचं बघायचंय.