थंड हवेच्या बागेत नाजूक फुलवेली कशा जगवाव्यात

थंड प्रदेशात बोगनवेल, कृष्णकमळ किंवा मोगरा लावणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो "थंडीपासून जपा" एवढाच. मग माणूस घाबरून कुंडी घरात आणतो, उबेला हीटरजवळ ठेवतो आणि रोज मायेने पाणी घालतो. थंडी सरेपर्यंत वेल मेलेली असते आणि बोल मात्र थंडीला लागतो. माझं मत ठाम आहे: या वेली गारठ्यापेक्षा गार, ओल्या मातीने जास्त मरतात. उन्हाळ्यात त्या कुणीही वाढवू शकतं. हिवाळा पार करून देणं हेच खरं काम आहे, म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि तिथे सावकाश थांबते.

वेल कोणत्या जातीची, हे आधी ठरवा

सगळ्या नाजूक वेलींना एकच नियम लावणं हीच मोठी गफलत. त्यांचे तीन गट करा.

पहिला गट एका हंगामाच्या वेलींचा: गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी, गोकर्ण, कोबिया, पिवळी-केशरी थनबर्जिया. यांतल्या काही उष्ण प्रदेशात वर्षानुवर्षं जगतात, पण थंड हवेत त्यांना जगवण्याचा खटाटोप करू नका. दरवर्षी बी लावा. शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) पडायच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात, उबदार जागी पेरा. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवा. कोबियाचं बी चपटं असतं, ते आडवं न ठेवता कडेवर उभं खोचा.

दुसरा गट हिवाळ्यात झोपणाऱ्यांचा: बोगनवेल, निळा चित्रक, निळं कृष्णकमळ, कळलावी. तिसरा गट न झोपणाऱ्यांचा: मोगरा, मॅन्डेव्हिला, अलामांडा, स्टेफनोटिस. यांना दहा अंश सेल्सिअसखालची थंडी सोसत नाही आणि वर्षभर उजेड लागतो. तुमच्याकडे ऊन येणारी खिडकी नसेल तर तिसऱ्या गटाच्या वाटेला जाऊ नका.

जागा आणि लागवड

भिंत निवडा, आणि ती दिवसभर ऊन खाणारी असू द्या. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे. दिवसा तापलेली वीट रात्री ऊब सोडते. पूर्वेची भिंत टाळा: रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन एकदम पडलं की त्या करपतात. खड्डा भिंतीला चिकटून खणू नका, 30 ते 45 सेंटिमीटर सोडा, कारण भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोहोचत नाही. जी वेल हिवाळ्यात आत न्यायची आहे ती कुंडीतच ठेवा.

उन्हाळ्यात पाणी, आधार, ऊन. एवढं पुरतं.

मात्र उन्हाळा अर्धा सरला की नत्राचं खत बंद करा. उशिरा फुटलेली लुसलुशीत कोवळी फांदी पहिल्याच गारठ्यात काळी पडते. जून झालेली, तपकिरी सालीची फांदी टिकते. याच सुमारास छाटकलमंही लावून ठेवा. आठ-दहा सेंटिमीटरचे, अर्धवट जून झालेले तुकडे एका लहान कुंडीत चार-पाच खोचले की झालं. चित्रक आणि कृष्णकमळ पटकन मुळं धरतात. बोगनवेल हट्टी आहे, तिला कुंडीखालून ऊब द्यावी लागते.

हिवाळा: इथे घाई नको आणि माया तर नकोच

मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला, कारण इथे जे करावंसं वाटतं त्याच्या नेमकं उलट करायचं असतं.

आधी कारण समजून घ्या. माती गार झाली की मुळं जवळपास पाणी पीतच नाहीत. पानं गळली असतील तर पाणी वर ओढणारंही कुणी उरत नाही. घातलेलं पाणी मातीतल्या हवेच्या जागा भरून तसंच बसून राहतं, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पिथियम, फायटोफ्थोरासारखे रोगकारक जीव त्यांच्यावर चढतात. मुळं सडली की पानं मान टाकतात. माणसाला वाटतं वेल तहानली, आणि तो आणखी पाणी घालतो. शंका असेल तर मुळाचं एक टोक बोटांत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं. सडलेल्या मुळाचं आवरण मोज्यासारखं निसटून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो.

झोपणाऱ्या वेली रात्रीचा पारा सात-आठ अंशांवर आला की आत घ्या. त्याआधी पानांच्या मागच्या बाजूला मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) आहे का ते बघा आणि पानं धुऊन काढा. जागा हवी पाच ते दहा अंशांची: न तापवलेली खोली, बंदिस्त व्हरांडा, काचघर. दिवाणखाना नको. हिवाळ्याच्या फिकट उजेडात वीस अंशांची ऊब मिळाली तर वेल झोपतही नाही आणि नीट वाढतही नाही. पांढुरके, लांबट कोंब काढून साठवलेली शक्ती संपवते, आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड पानांवर जाळी विणते. ऊब आणि उजेड यांचं प्रमाण जुळलं पाहिजे. उजेड कमी तर ऊबही कमी.

आता पाणी. "पंधरा दिवसांनी एकदा पाणी द्या" असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कुंडी किती मोठी, खोली किती गार, माती कसली, हे माहीत नसताना दिवस ठरवता येत नाहीत. मातीत बोट घालून पाहणंही हिवाळ्यात फसवतं: वरचा थर कोरडा असतो आणि तळाला चिखल. कुंडी उचला. पूर्ण कोरडी असताना तिचं वजन हाताला किती लागतं ते एकदा लक्षात ठेवा आणि तेवढी हलकी झाल्याशिवाय थेंबही घालू नका. मग कपभर पाणी, तेही काठाकाठाने. खाली ताटली ठेवायची नाही. खत नाही. पानांवर फवारणी नाही.

बोगनवेलीची सगळी पानं गळतील. गळू द्या. बघायला उदास वाटतं, पण ती झोपली आहे. जिवंत आहे का हे पाहायला नखाने साल किंचित खरवडा: आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ठीक. तपकिरी, कोरडं दिसलं तर एकदम आशा सोडू नका, टोकाकडून बुंध्याकडे येत पुन्हा खरवडा. फांदीचं टोक वाळलं म्हणजे वेल गेली असं नसतं. चित्रक आणि कृष्णकमळ तर कधी कधी वरून पूर्ण वाळतात आणि वसंत संपत आल्यावर जमिनीखालून फुटतात, म्हणून उन्हाळा लागेपर्यंत काहीही उपटू नका. कळलावीचा वेल वाळला की कंद कोरड्या वाळूत, दहा अंशांपेक्षा थोड्या जास्त उबेत ठेवा आणि पाणी अजिबात देऊ नका. हा कंद जहाल विषारी असतो. मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी जागा शोधा.

न झोपणाऱ्यांचं गणित वेगळं. घरातली सर्वांत उजेडाची खिडकी, बारा ते पंधरा अंश, हीटरपासून लांब. रात्री काच खूप गार होते, म्हणून पानं काचेला टेकू देऊ नका. मातीचा वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर सुकला की खोलीच्या तापमानाचं पाणी द्या. नळाचं थेट गार पाणी नको.

जमिनीतच राहिलेल्या वेलीच्या मुळांवर वाळक्या पानांचं पंधरा सेंटिमीटरचं आच्छादन घाला, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. निरभ्र आकाश आणि वारा पडलेला अशी रात्र सर्वांत धोक्याची. त्या संध्याकाळी बागकामाचं सच्छिद्र कापड दुहेरी करून पांघरा आणि सकाळी काढा. प्लास्टिक नको: ते पानांना जिथे टेकतं तिथेच पान गोठतं.

जागं करताना

दिवस मोठे होऊ लागले आणि फांदीवरचे डोळे फुगले की पाणी हळूहळू वाढवा. आधी नाही. बोगनवेल, चित्रक आणि कृष्णकमळ नव्या फुटीवर फुलतात, म्हणून छाटणी आता करा आणि हात आखडू नका: बाजूच्या फांद्यांवर दोन-तीन डोळे ठेवले तरी पुरे. गुलाबी कळ्यांची चिनी जाई मात्र मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलते, ती फुलून गेल्यावरच छाटा. तिला कळ्या धरायला शरदातल्या गार रात्री लागतात, तेव्हा तिला घाईने आत नेणाऱ्याला फुलं मिळत नाहीत.

कुंडी बदलायची तर एकच माप मोठी घ्या. बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. माती झटकू नका, गड्डा अख्खाच्या अख्खा उचलून ठेवा. शिवाय तिची मुळं थोडी दाटलेली असली की ती जास्त फुलते.

बाहेर काढायची वेळ शेवटच्या दहिवरानंतरची. पहिले काही दिवस सावलीत दोन-तीन तास, मग सकाळच्या उन्हात, मग दिवसभर; रात्री आत. या सगळ्याला दोन आठवडे द्या. घरात आलेली पानं थेट उन्हात नेली तर त्यांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. दोन आठवडे झाले की कुंडी भिंतीपाशी कायमची ठेवा, फांद्या जाळीला सैल बांधा आणि कळ्या दिसू लागल्यावर पालाश जास्त असलेलं खत सुरू करा.